लॅपटॉपच्या खोक्यावर दुरुस्तीचे गुण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजं सुरू होण्याच्या तोंडावर नवा लॅपटॉप कसा निवडावा, यावर एक लेख आपल्या अंकात आला होता. स्क्रीन, प्रोसेसर, वजन, जाडी, सगळं नीट दिलं होतं. मशीन बिघडल्यावर काय करायचं, यावर मात्र एक ओळही नव्हती. माझं पोट नेमकं त्याच ओळीवर चालतं, म्हणून हे पत्र. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. ‘दुरुस्तीवाला दुरुस्तीचीच बाजू घेणार’ असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे. सरळ उघडणाऱ्या मशीनवर मला मजुरी कमी मिळते आणि डिंकानं चिकटवलेल्यावर जास्त, एवढं सांगून ठेवतो.

अलीकडे गिऱ्हाईक बदललंय. पूर्वी माणसं लॅपटॉप बंद पडल्यावर यायची, आता घ्यायच्या आधीही येतात. फोनवरची जाहिरात पुढे धरून विचारतात, “दादा, ह्याची रॅम वाढते का? बॅटरी बाहेर मिळते का?” जीएसटीची रिटर्न भरणारे कर सल्लागार विचारतात, हायस्कूलच्या बाई विचारतात, इंजिनिअरिंगला निघालेल्या पोराला घेऊन आलेले गडहिंग्लजचे, राधानगरीचे वडील विचारतात. यांतल्या कुणालाही लॅपटॉप खोलून बघायची हौस नाही. पर्यावरणाचं नाव तर क्वचितच निघतं. ही माणसं एकदा पोळलेली असतात.

कशानं पोळली ते सांगतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे हिंज. स्वस्त लॅपटॉपात स्क्रीन तोलणारं पोलादी बिजागर प्लॅस्टिकच्या बॉडीत बसवलेलं असतं. प्लॅस्टिकच्या बारक्या खुंट्या, त्यांत गरम करून दाबलेले पितळी नट आणि त्या नटांत स्क्रू. दोन-तीन वर्षांत बिजागरातलं ग्रीस सुकतं, ते घट्ट होत जातं. मालक स्क्रीन रोजच्यासारखीच उघडतो, पण बिजागर वळायला तयार नसतं, मग सगळा ताण खुंट्यांवर येतो. एक दिवस ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि पितळी नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊनच उपटून येतो. झाकण एका बाजूनं फाकतं, डिस्प्लेची केबल चिमटते, स्क्रीनवर रेघा दिसायला लागतात. मोडलं काय, तर एक खुंटी. सर्व्हिस सेंटरमधून मात्र ए-पॅनेल (स्क्रीनमागचं झाकण), सी-पॅनेल (कीबोर्डभोवतीची बॉडी), बिजागरांची जोडी असा सगळा संच बदला म्हणून आकडा येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला तर अख्खा डिस्प्ले बदलायला सांगितलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही एपॉक्सी हा कडक होणारा डिंक भरतो, नाहीतर आरपार बोल्ट टाकतो. दिसायला वाईट दिसतं, पण चालतं. तेच नट धातूच्या पट्टीत बसवले असते, तर यातलं निम्मं काम दुकानात आलंच नसतं.

कीबोर्डचीही तीच गत. एक एंटरचं बटण गेलं तरी अख्खा कीबोर्ड बदलायचा, आणि तो सी-पॅनेलला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी वितळवून जोडलेला असतो. तिथवर पोचायला आधी बॅटरी, पंखा, मदरबोर्ड (सगळ्या चिपा असतात तो मुख्य बोर्ड) सगळं बाहेर काढायचं, मग एकेक रिव्हेट तोडायची आणि नवा कीबोर्ड सोल्डरिंग गननं परत डागायचा.

रॅमचा, म्हणजे मशीन काम करताना वापरतं त्या मेमरीचा, विषय जरा वेगळा. पोरगं पहिल्या वर्षाला आठ जीबीचा लॅपटॉप घेतं, तिसऱ्या वर्षाला मोबाईलची ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ टाकतं आणि मशीन गुडघे टेकतं. एरवी हे दहा मिनिटांचं काम आहे: खालचं झाकण काढा, दुसरी रॅम सरकवा, झाकण लावा. पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असली आणि स्लॉटच नसला, तर माझ्याकडे सांगण्यासारखं एकच उरतं की नवीन घ्या. २०१२ साली ॲपलनं रेटिना स्क्रीनच्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम सोल्डर केली, बॅटरी चिकटवली. पुढे पातळ मशिनींत तीच रीत झाली. यामागे निव्वळ लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, स्लॉटमध्ये तो वेग मिळत नव्हता. पण आता तेही कारण लंगडं पडलंय. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक जाहीर केलं, आणि त्यात तशीच वेगवान रॅम स्क्रूनं बसवता येते. २०२४च्या लेनोवोच्या थिंकपॅड पी१ या लॅपटॉपात ती आलीसुद्धा.

पातळपणाची खरी किंमत मी महापुरात पाहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात शिरलं. त्यानंतर दुकानात चिखलानं माखलेल्या मशिनींचा ढीग लागला होता. भिजलेल्या मशीनची पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी सोडवायची. करंट चालू राहिला तर पाण्यात बोर्डावरचं तांबं हिरवं पडत जातं, ट्रॅक खाल्ले जातात. जुन्या मशिनींची बॅटरी खालची खटकी सरकवली की हातात यायची, कित्येकांनी ती घरीच काढून ठेवली होती. आतल्या बॅटरीच्या मशिनी माझ्यापर्यंत पोचेस्तोवर कुजत राहिल्या. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा बोर्ड पार गेला होता, पण डेटा साठवणारी एसएसडी सुटी होती. ती काढली, आयपीए या अल्कोहोलनं धुतली, वाळवून यूएसबीनं जोडायच्या केसिंगमध्ये घातली, आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा सगळा डेटा जसाच्या तसा उघडला. उधारी किती होती ते त्यांनी सांगितलं नाही, पण हात जोडले. दुसऱ्या एका मुलीच्या स्वस्त लॅपटॉपात स्टोरेजची चिपच बोर्डावर डागलेली होती. बोर्ड मेला, त्याच्याबरोबर तिचा प्रोजेक्टही गेला.

हे सगळं बघून झालेली माणसं काय घेतात? पुष्कळदा जुना. पुण्या-बंगळूरच्या आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, ते रिफर्बिश होऊन, म्हणजे तपासून-दुरुस्त होऊन, बाजारात येतात. माझ्याकडे विचारायला येणारा थिंकपॅड टी४८०चं नाव घेऊनच येतो. २०१८चं मॉडेल आहे. एक बॅटरी आत, एक बाहेर. मशीन चालू असतानाच बाहेरची काढून दुसरी लावता येते. रॅमचे दोन स्लॉट, एसएसडी सुटी, आणि खोलायचं कसं याचं पुस्तक लेनोवोनं इंटरनेटवर फुकट ठेवलंय. त्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ही चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला, तेव्हा हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात आला. गंमत म्हणजे पुढच्याच टी४९०मध्ये बाहेरची बॅटरी गेली आणि रॅमही अर्धी सोल्डर झाली. लोक जुन्यालाच चिकटून राहिले. मग २०२४ साली त्याच कंपनीनं टी१४चं पाचव्या पिढीचं मॉडेल आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या संस्थेला हाताशी धरून काढलं आणि तिच्याकडून दुरुस्तीसाठी १० पैकी ९ गुण मिळवले. गिऱ्हाइकानं दुसरीकडे बघितलं की कंपनीला स्क्रू सापडतात.

नव्यातला नमुना मला बघायला मिळाला तो एका गिऱ्हाइकाच्या मुलामुळे. तो जर्मनीत नोकरीला आहे, सुट्टीवर आला तेव्हा फ्रेमवर्कचा लॅपटॉप घेऊन दुकानात आला. निरव पटेल या गृहस्थांनी अमेरिकेत काढलेली ही कंपनी. पहिला लॅपटॉप २०२१चा. म्हटलं, उघडू का? तो म्हणाला, “काका, त्यासाठीच आणलाय.” खाली पाच स्क्रू, ते सैल होतात पण निसटून पडत नाहीत. कीबोर्डचा वरचा भाग चुंबकानं बसलेला. आत प्रत्येक भागावर क्यूआर कोड, स्कॅन केला की तो बदलायची कृती समोर येते. स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळतो. बाजूचे यूएसबी, एचडीएमआय हे छोट्या चौकोनी कार्डांवर असतात, पिन खराब झाली तर कार्ड बदला, बोर्डाला हात लावायचं कारण नाही. आमच्याकडे चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून किती मदरबोर्ड येतात, ते आम्हालाच ठाऊक. या पोरानं मूळचा इंटेलचा बोर्ड काढून त्याच बॉडीत एएमडीचा बसवला होता. जुना बोर्ड एका डबीत घालून घरी छोटा सर्व्हर म्हणून चालतोय म्हणे. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की रॅम आणि वायफाय कार्डही नवं घ्यावं लागलं, म्हणजे अगदीच फुकटात पडलं नाही. पहिल्या मॉडेलचं बिजागर मऊ होतं, स्क्रीन डुलायची. पण पुढे कंपनीनं जास्त ताठ बिजागर विकायला काढलं आणि ते जुन्या मशीनलाही बसलं. माझ्यासारख्या हिंजवाल्याला यापेक्षा जास्त काय सांगायचं! आपल्या बाजारात हे मशीन दुकानात दिसत नाही आणि महागही आहे, त्यामुळे ‘घ्या’ असं मी कुणाला सांगत नाही. पण असं बनवता येतं, एवढं तरी डोळ्यांनी दिसलं.

आणि कोल्हापूरकराला यात नवल ते काय वाटायचं? आपल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनचा लायनर झिजला तर लायनर बदलतात, पिस्टन गेला तर पिस्टन, आणि इंजिन शेतावर नातवापर्यंत चालतं. बापाला हे पाठ असतं, म्हणूनच तो पोराच्या लॅपटॉपबद्दल पहिला प्रश्न स्पेअरचा विचारतो.

दुरुस्ती म्हणजे सगळं गोडच, असंही नाही. कंपनीची बॅटरी मिळत नाही म्हणून कॉपी बॅटऱ्या येतात, त्यांतल्या काही सहा महिन्यांत फुगतात आणि टचपॅड वर उचलून धरतात. बोर्डाच्या आकृत्या कंपन्या देत नाहीत, म्हणून कारागीर टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरट्या फायली बघून काम करतात. मीही बघतो. माल आणि माहिती समोरच्या दारानं मिळाली, तर मागच्या दारानं कोण जाईल?

सरकारला हे माहीत नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ला त्याचं पोर्टल सुरू झालं. दुरुस्ती निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिनं मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी अहवाल दिला. वस्तू किती पायऱ्यांत खोलता येते, स्क्रू कसले, हत्यारं कुठली लागतात, सुटे भाग वेळेत मिळतात का, माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट मिळतात का, यावर गुण द्यायचे, अशी ती कल्पना. महत्त्वाच्या भागांच्या यादीत बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग पोर्ट आणि बिजागरही आहे, हे वाचून बरं वाटलं. आता हे गुण लॅपटॉपच्या खोक्यावर यायला हवेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी १० पैकी किती गुण ते लिहावं लागतं, आणि त्यात सुट्या भागांच्या किमतीलाही गुण आहेत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम तेच. बॅटरी ‘उपलब्ध’ आहे, पण मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला, तर ती कोण घेणार?

कायद्याची वाट न बघता एक गोष्ट इथेच होण्यासारखी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, सेवा सोसायट्या यांचे लॅपटॉप टेंडरनं येतात. त्यात रॅम किती, हार्ड डिस्क किती, हे तपशिलानं मागतात, वॉरंटी संपल्यावर बॅटरी कितीला पडेल हे कुणी विचारत नाही. मग एका शाळेत बॅटरी नाही, दुसरीत चार्जर नाही, म्हणून मशिनी कपाटात पडतात. रॅम आणि एसएसडी सुटी असेल, बॅटरी, कीबोर्ड, बिजागर आणि चार्जर पाच वर्षं ठरलेल्या दरानं मिळतील, हे दरांसकट जो लिहून देईल त्याचाच भाव धरावा, अशी अट घालायला दिल्लीची परवानगी लागत नसावी. सुरुवात आपल्या जिल्ह्यानं करावी. अटीचा मसुदा हवा असेल तर मी बसून लिहून देतो, त्याची मजुरी घेणार नाही.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक,
राजारामपुरी, कोल्हापूर