तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंस

आदरणीय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी मी आणलेला पेढ्यांचा डबा "यात आभार कसले" असे म्हणून तुम्ही दारातूनच परत पाठवलात, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. वयाच्या ५३व्या वर्षी मी पहिला पूर्ण पुशअप काढला, त्यात तुमचा वाटा नेमका कोणता होता, हे चारचौघांपुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या वर्षी मनगटाचे प्लास्टर निघाले, तेव्हा भरलेला कुकर शेगडीवर ठेवतानाही माझे हात थरथरत असत. डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिल्यावर मी जवळच्या एका जिममध्ये तीन महिने गेले. तिथे 'बायकांचे पुशअप' म्हणून गुडघे टेकून वीस-वीस काढायला लावत, आणि तेवढे मी निमूटपणे काढतही असे. परंतु गुडघे उचलून एक तरी काढू म्हटले, की कंबर खचायची आणि मी सतरंजीवर पालथी. आता या वयात एवढेच व्हायचे, असे मला सांगण्यात आले होते आणि मला ते पटलेही होते.

तुम्हाला ते पटले नाही. वाद घालण्याऐवजी तुम्ही घरातला वजनकाटा खाली घेऊन आलात, माझ्या एका तळव्याखाली तो आणि दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीचा पाट ठेवलात, आणि काट्यावरचा आकडा दुप्पट करून मला दाखवलात. माझे वजन ६२ किलो. पाय सरळ ठेवून जमिनीवर हात टेकले, तर हातांवर जवळपास ४० किलो येत होते; गुडघे टेकले, तर ३०. मधले दहा किलो तीन महिन्यांत मी एकदाही पेलले नव्हते. शिवाय गुडघे टेकले की पोट, नितंब आणि मांड्या आवळून शरीर फळीसारखे ताठ ठेवण्याचे काम पुष्कळच हलके होते, आणि माझी खरी अडचण हातांइतकीच कमरेतही होती. जिन्याच्या चौथ्या पायरीवर हात टेकून पाय खाली फरशीवर ठेवले, तेव्हा हिशेब २५ किलोच्या आसपास आला. "म्हणजे गुडघ्यांपेक्षा हलके, पण अंग सरळ. इथून सुरू कर," असे तुम्ही म्हणालात.

श्रावणापासून आपला जिना हीच माझी व्यायामशाळा झाली. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. सलग तीन खेपांना आठ-आठ नीट निघाले, तरच एक पायरी खाली. एक पायरी म्हणजे जेमतेम सात इंच, पण दुसऱ्या पायरीवर माझे पाच आठवडे गेले. तुम्ही वरच्या पायरीवर पापडी सोलत बसायचात. मोजणी तुमच्या तोंडी असायची आणि डोळे माझ्या कोपरांवर. कोपरे बाजूला पंखांसारखी पसरली, की हातातल्या शेंगेनेच टोकायचात. ती धडापासून साधारण ४५ अंशांत राहिली, तर खांद्यावरचा ताण कमी होतो आणि छाती व दंडामागचे स्नायू नीट कामाला लागतात, हे मी त्या शेंगेकडून शिकले. मनगट दुखू लागले, तेव्हा तळव्याच्या टाचेखाली नॅपकिनची घडी ठेवून तुम्ही मनगटाचा बाक कमी केलात.

मात्र ज्यासाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे, ती गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही मला थांबवलेत. नवव्याला कंबर किंचित खचली, की तुम्ही मोजणी बंद करायचात आणि तो पुशअप धरायचाही नाहीत. मला राग यायचा. अंगात अजून दोन-तीन शिल्लक आहेत, असे वाटायचे. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत, असलेल्या स्नायूंना एकाच वेळी कामाला जुंपायला मज्जासंस्था शिकत असते, म्हणून दमल्यावर काढलेला वाकडा पुशअप म्हणजे चुकीचे अक्षर गिरवणे, हे तुम्ही एकदाच सांगितलेत, आणि पुन्हा सांगण्याची वेळ मी तुमच्यावर येऊ दिली नाही. शाळेत इतकी वर्षे व्यायाम शिकवलेल्या माणसाकडून मी आरडाओरड अपेक्षिली होती.

तुमचे वडील व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या काळात इथल्या, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात, हेही त्याच जिन्यात कळले. मी पुशअपला सवयीने 'जोर' म्हटले, की तुम्ही हटकायचात: जोरात कंबर वर उचलून अंग कमानीतून पुढे घ्यायचे असते, इथे ते सरळच खाली जाऊन सरळच वर यायला हवे. बडोद्यात राहून या दोहोंची सरमिसळ करणे तुम्हाला अजिबात खपत नसे.

डिसेंबरमध्ये पहिल्या पायरीवरून जमिनीवर आले, पण वर उठता येईना. तेव्हा तुम्ही मला फक्त उतरायला लावलेत: पाच आकडे मोजत छाती सावकाश जमिनीला टेकवायची, मग गुडघे टेकून उठायचे, पुन्हा तसेच. उचलता येते त्यापेक्षा जास्त वजन स्नायू आवरत-आवरत खाली उतरवू शकतात, याचा फायदा घेतला पाहिजे, असे तुमचे म्हणणे होते. प्रत्येक खेपेला असे चारच, कारण त्याने दुसऱ्या दिवशी दंड भरून येतात.

१५ जानेवारीच्या सकाळी गच्चीत पतंगांच्या काड्या आणि मांजाचे गुंते पडलेले असताना आपण चटईपुरती जागा झाडून घेतली. छाती तुमच्या रुमालाच्या घडीला टेकली आणि वर येताना मी निम्म्यावर अडकले. कोपरे थरथरत होती, खाली रस्त्यावर कोणीतरी पतंग कापल्याच्या आनंदात "लपेट" ओरडत होते, आणि तुम्ही काहीही बोलला नाहीत. हात सरळ झाल्यावर म्हणालात, "एक. ऊठ आता." दुसरा काढून पाहायला तुम्ही मनाई केलीत.

सध्या तीन निघतात. चौथ्याला कंबर हलते, म्हणून तिथेच थांबते. तुमचा पाट अजून माझ्याकडेच आहे; रविवारी तो घेऊन येईन, तेव्हा त्यावर ठेवलेला डबा मात्र कृपया परत करू नये.

आपली नम्र,
तळमजल्यावरची