शेड विकण्याआधी

अटलांटा,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी फोनवर तुम्ही बडोद्यातली, मकरपुऱ्याची आपली वर्कशॉपची शेड विकायचं बोललात आणि मी नुसतं "बघू" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. फोनवर असलं काही आपल्या दोघांनाही नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की फोटो काढून पुण्याला काकांनाही पाठवा. शेड घेताना पैसे त्यांनीही घातले होते, त्यांनाही कळायला हवं.

तुम्ही मागे विचारलं होतं, तुमच्या युनिव्हर्सिटीत एवढ्या क्रेन कसल्या उभ्या आहेत म्हणून. आधी तेच सांगते, कारण शेडचा विषय मला तिथूनच सुचला.

आमचं, म्हणजे जॉर्जिया टेकचं, कॅम्पस आणि शहराचा मिडटाउन भाग यांच्या मधून ७५ आणि ८५ नंबरचे दोन महामार्ग एकत्र होऊन जातात. रस्ता कसला, नदीच ती; रात्री दोन वाजतासुद्धा वाहत असते. पूर्वी पलीकडे बऱ्याचशा ओसाड जागा आणि गाड्या लावायची मैदानं होती, तिकडे कुणी विद्यार्थी फिरकत नसे. २००३ मध्ये युनिव्हर्सिटीनं तिथं 'टेक स्क्वेअर' उघडलं. मॅनेजमेंटचं कॉलेज, पुस्तकांचं दुकान, हॉटेल, खाण्याच्या जागा, नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र, सगळं रस्त्याला लागून. मध्ये कंपाउंडची भिंत नाही. मग २००७ मध्ये महामार्गावरचा फिफ्थ स्ट्रीटचा पूल नव्यानं बांधून खुला केला, तोही नुसता गाड्यांसाठी नाही. दोन्ही बाजूंना हिरवळ आणि झाडं आहेत, रुंद फूटपाथ आहे. चालताना आपण पुलावर आहोत हे विसरायला होतं, खालून गाड्यांचा आवाज आला की आठवतं. मी रोज संध्याकाळी तिथून जाते आणि रोज मला आपल्या विश्वामित्री नदीवरचा पूल आठवतो. फक्त इथं मगरी नाहीत.

२०१९ मध्ये पलीकडे 'कोडा' नावाची एकवीस मजली इमारत झाली. निम्म्याच्या आसपास जागा युनिव्हर्सिटीची, बाकीच्या जागेत कंपन्या. आत मोठा गोल जिना मजल्यामागून मजले चढत जातो. लिफ्टमध्ये माणसं फोनकडे बघत उभी राहतात, जिन्यावर एकमेकांना भेटतात. ती इमारत उभी करताना विमा कंपनीची १९२० च्या दशकातली एक देखणी इमारत मधे आली. तिचा पुढचा भाग ठेवला, मागचा पाडला. मला ते बघवत नाही. चेहरा ठेवून अंग कापून टाकल्यासारखं वाटतं. आपल्या न्यायमंदिराचं, जुन्या कोर्टाच्या इमारतीचं, कुणी असं करायला निघालं तर दांडिया बझार रस्त्यावर उतरेल.

आणि आता तिसरा टप्पा, त्याच्याच या क्रेन. दोन नवे टॉवर होताहेत. एक मॅनेजमेंटच्या वरच्या अभ्यासक्रमांसाठी आणि दुसरा, बाबा, आमच्या इंडस्ट्रिअल इंजिनीअरिंगसाठी! आमचा विभाग पुलाच्या या बाजूला, जुन्या कॅम्पसमध्ये आहे. तो उचलून तिकडे नेणार. कारण सरळ आहे. गोदामं, कारखाने, दवाखाने, विमान कंपन्या यांचं काम कसं चालतं हेच आम्ही शिकतो, मग ज्यांचं काम शिकायचं त्यांच्या शेजारीच बसावं. याला इथं इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट म्हणतात.

सगळंच गोड आहे असं नाही. एवढे टॉवर आले की आजूबाजूचं भाडं चढतं. माझं दर वर्षी वाढतंय, यंदा मी आणखी दोन स्टेशनं लांब राहायला गेले. शेजारी नवी कंपनी येते, पण आधीचा शेजारी जातो. हे मला खुपतं आणि मी ते आमच्या मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं.

आता भोंग्याचं सांगते. या संस्थेत तास संपला की वाफेचा भोंगा होतो, अगदी खराखुरा कारखान्याचा भोंगा. पहिल्या दिवशी तो ऐकला आणि डोळ्यांत पाणीच आलं. लहानपणी तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी शेडवर यायचे, तेव्हा मागच्या कारखान्याचा भोंगा झाला की तुम्ही म्हणायचा, "चला, आता चहा." इथं भोंगा कशासाठी, म्हणून मी चौकशी केली. १८८८ मध्ये ही संस्था सुरू झाली तेव्हा दोन मुख्य इमारती होत्या. एकीत वर्ग, दुसरीत वर्कशॉप. मुलं अर्धा वेळ पुस्तकं शिकायची, अर्धा वेळ वर्कशॉपमध्ये माल बनवायची आणि तो माल बाजारात विकला जायचा. १८९२ मध्ये वर्कशॉपला आग लागली, पुन्हा बांधलं. विक्रीची पद्धत १८९६ मध्ये बंद पडली, पण भोंग्याचा रिवाज वर्कशॉपच्या काळापासून राहिला तो राहिलाच.

१८८८! आणि आपलं कलाभवन कधीचं? १८९० चं. दोनच वर्षांचं अंतर. सयाजीराव महाराजांनी रसायनशास्त्राच्या प्रा. गज्जरांना हाताशी धरून रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवणारी शाळा काढली आणि गज्जरांचा आग्रह असा की हे शिक्षण मुलांना मातृभाषेतून मिळावं. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक ही औषधांची कंपनी काढली, पुढच्याच वर्षी महाराजांच्या पुढाकारानं मांडवीत बँक ऑफ बडोदा उघडली. शाळा, कारखाना, पेढी, सगळं एका गावात. इथले लोक आज क्रेन लावून जे बांधताहेत ते बडोद्यानं तेव्हाच केलं होतं. ऊर भरून येतो. सेंट्रल लायब्ररीसाठी महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून आणलं. आई, तू जिथून पुस्तकं आणतेस ना, ते त्यानं उभं केलेलं काम. पूर्वी इथून माणसं आपल्याकडे येऊन कामं करत होती, आता मी इकडे येऊन शिकतेय.

मग मधे काय झालं? बाबा, मला जेवढं दिसलं तेवढंच सांगते. माझ्या कॉलेजातली चार वर्षं आठवा. तिसऱ्या वर्षी इंडस्ट्रिअल व्हिजिट म्हणून आम्हाला बसमधून एका कारखान्यात नेलं. दीड तास पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाललो, समोसा खाल्ला, वहीवर सही घेतली, परत. त्या कारखान्यापासून आपली शेड सात मिनिटांवर होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा शाफ्ट मी कॉम्प्युटरवर काढला, सरांनी शाबासकी दिली, आणि मी ते ड्रॉइंग मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवलं. तुम्ही लेथ बंद केलं, हाताचं ऑइल कापसाच्या गोळ्याला पुसलं आणि शाफ्टच्या खांद्याशी, म्हणजे जिथं त्याची जाडी बदलते तिथं, मी काढलेल्या काटकोनावर पेन्सिल टेकवली. म्हणालात, "हा कोपरा कुठलं टूल कापणार? टूलच्या टोकाला गोलाई असते. आणि समज कापला, तरी तडा इथूनच जाणार." मग शेल्फवरच्या डब्यातून एक तुटलेला शाफ्ट काढून माझ्या हातात दिलात. बरोबर खांद्यापाशी तुटलेला. तुटल्या जागी शिंपल्यासारख्या बारीक बारीक रेषा होत्या, एकात एक, आणि कडेचा थोडा भाग खरबरीत. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, इथून सुरुवात झाली, इतके दिवस हळूहळू चिरत गेला आणि इथं एका झटक्यात गेला.

ते मी अजून विसरलेले नाही. इथं आल्यावर धातूच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून तडा जाण्यावर, एका प्राध्यापकांनी तासभर शिकवलं, तसल्याच शाफ्टचा फोटो पडद्यावर होता. वर्गातल्या बहुतेकांनी तो पहिल्यांदा बघितला. मला तो हातात कसा लागतो हे माहीत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. शेड लगेच विकू नका. तुमचे गुडघे, लांबचा फेरा, मिस्त्रींचं वय, ऑर्डरी कमी झाल्यात, सगळं मला मान्य आहे. धंदा चालवा असं मी म्हणतच नाही. अर्धी शेड भाड्यानं द्या. पुढच्या अर्ध्या भागात दोन लेथ आणि ती जुनी मिलिंग मशीन राहू दे. कलाभवनात, म्हणजे आत्ताच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, माझी एक मैत्रीण शिकवते. तिच्याशी मी बोलले. दर शनिवारी तिच्या वर्गातले चार-पाच विद्यार्थी स्वतःची ड्रॉइंग घेऊन यायला तयार आहेत. मशीन मिस्त्रीच चालवतील, मुलांनी हात लावायचा तो ते सांगतील तेव्हाच. तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि कोपऱ्यावर पेन्सिल टेकवायची.

वर्षभराचं वीजबिल आणि जीआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक वसाहतीचा, मेन्टेनन्स मी पाठवीन. यावर वाद नको, इथं मला स्टायपेंड मिळतो आणि मी तो जपून वापरते. काकांचा हिस्सा त्यांना आत्ताच हवा असेल तर तेही मोकळेपणानं सांगा, आपण हप्ते ठरवू. दादाशी मी बोलून घेते. वर्षानं तुम्हाला वाटलं की नाही जमत, तर विका. मी एक शब्द बोलणार नाही.

पण तो डबा विकू नका. तुटलेल्या शाफ्टचा.

आई, तू पाठवलेला गोडा मसाला पोचला. काल मैत्रिणींना शेव-उसळ करून घातली. पाव बरा मिळाला, पण तिखट तर्री आपल्यासारखी जमली नाही, रंग आला पण चव नाही आली. लसूण किती घालतेस ते मापानं सांग, "अंदाजानं" म्हणू नकोस. बाबांना शनिवारी शेडवर जाताना डबा देत जा आणि मुलांसाठी दोन पोळ्या जास्तीच्या घाल.

मैत्रीण येत्या शनिवारी अकरा वाजता येईल. शटरचं कुलूप हल्ली अडकतं म्हणालात, आधी जाऊन तेल घालून ठेवा.

तुमची,
धाकटी