बिल असलेल्याचंच दार ठोठावतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पायरेटेड सॉफ्टवेअरवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. ‘दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी चोरी करणारे छोटे व्यावसायिक’ हे आपले शब्द. रविवार कारंजाजवळ माझं डीटीपी (संगणकावर मजकूर टाइप करून पानं मांडण्याचं काम) आणि मिनी ऑफसेट छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामं करतो. म्हणजे आपण ज्यांच्याविषयी लिहिलंत त्यांच्यातलाच मी एक. माझं सॉफ्टवेअर विकतचं आहे आणि त्याचं बिल कपाटात आहे. तरीही आपले शब्द मला लागले, कारण या धंद्यातल्या एकाही माणसाला न विचारता ते लिहिले गेलेत हे स्पष्ट दिसतं.

दोन-चार हजारांत हे सॉफ्टवेअर मिळत असतं तर नाशिकमध्ये क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकटची प्रत, शोधत कुणी फिरलंच नसतं. त्याची किंमत डॉलरमध्ये ठरते, रुपयांत बदलून आमच्यापुढे येते आणि वर 18 टक्के जीएसटी लागतो. माझ्यासारखे बरेच जण जीएसटीच्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. आम्हाला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो खिशातूनच जातो. अमेरिकेचं दरडोई उत्पन्न आपल्या जवळपास तीसपट आहे. तिथला डिझायनर जी रक्कम सहज बाजूला काढतो, तीच इथे पानाला चाळीस-पन्नास रुपये घेऊन मराठी मजकूर टाइप करणाऱ्याने भरायची. टायपिंगचा हा दर वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. कागद, शाई आणि छपाईच्या प्लेटचे भाव मात्र वाढतच गेले. अग्रलेखात या किमतीविषयी एक ओळही नाही.

आता माझा अनुभव सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं वागणारी ती एकटी नाही.

2012 च्या सुमारास मी डिझाइनचं एक परदेशी सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हा ते डब्यात मिळायचं. आत डीव्हीडी आणि सिरियल नंबर असायचा, पैसे एकदाच भरायचे. त्यासाठी मी पतसंस्थेचं कर्ज काढलं. आजूबाजूचे म्हणाले, एवढे पैसे कशाला घालवतोस, सुटे भाग जोडलेला असेंबल्ड संगणक घेतला की दुकानदार सगळं भरूनच देतो. मी ऐकलं नाही. माझे वडील जुळारी होते, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि दुसऱ्याच्या केसमधला, म्हणजे खिळ्यांच्या खोक्यातला, खिळा त्यांनी कधी उचलला नाही. मी डबा घेतला आणि कंपनीने मागितलं म्हणून रजिस्ट्रेशनही केलं. नाव, दुकानाचा पत्ता, मोबाइल नंबर, सगळं खरं भरलं.

काही वर्षांनी त्याच मोबाइलवर फोन आला. समोरचा माणूस म्हणाला, लायसन्स कम्प्लायन्स विभागातून बोलतोय, तुमच्या ऑफिसात बेकायदा प्रती चालू असल्याची नोंद आमच्याकडे आहे. मी म्हटलं, माझ्याकडे डबा आहे, बिल आहे. तर म्हणाला, फोटो पाठवा, दुकानातल्या सगळ्या मशिनांची यादी पाठवा, प्रत्येकात काय काय टाकलंय ते लिहून पाठवा. मी पाठवलं. मग कळवण्यात आलं की बिल चालणार नाही, कारण बिलावर दुकानाचं जुनं नाव आहे. जीएसटी आला तेव्हा नोंदणी करताना मी दुकानाचं नाव बदललं होतं. डबा ज्याने विकला तो विक्रेता तोवर धंदा बंद करून गेला होता. त्यामुळे दुसरं बिलही मिळण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर वकिलाचा ईमेल आला. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 63 ब. कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. दुकानाचा हिशेब माझी पत्नी बघते, तो ईमेल आधी तिने वाचला. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. हे कलम जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला लागतं, पण तो भाग त्या ईमेलमध्ये नव्हता. शेवटच्या परिच्छेदात तोडगा होता. सर्व मशिनांसाठी तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन आगाऊ घ्या, मग प्रकरण इथेच संपेल.

संपादक महोदय, हा तोडगा पुन्हा एकदा वाचा. मी खरंच गुन्हा केला असेल तर वस्तू विकत घेतल्याने तो संपतो कसा? आणि केलाच नसेल, तर तुरुंगाची भीती घालून मला माल का विकला जातोय? ओळखीचे सीए म्हणाले, भरून टाका, कुठे कोर्टकचेऱ्या करता. इथल्या जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकिलांनी मात्र डब्याचा फोटो, बिल आणि नावबदलाचे कागद जोडून सविस्तर उत्तर पाठवलं. त्यानंतर कंपनीकडून एक शब्द आला नाही. चूक झाली असंही कुणी कळवलं नाही.

माझ्याच गल्लीत दोन दुकानं अशी आहेत की जिथे विकतचं काहीच नाही. ती मशिनं कधी इंटरनेटला जोडली जात नाहीत, रजिस्ट्रेशनचा तर प्रश्नच येत नाही. त्यांना फोन आला नाही, येणारही नाही. मला आला, कारण माझा नंबर मी स्वतः कंपनीला दिला होता. चोर शोधायला या कंपन्या आपल्याच गिऱ्हाइकांच्या याद्या उघडून बसतात. आणि अग्रलेखात आपण कारवाई आणखी कडक करा म्हणता. ती कुणावर होणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

देशात निम्म्याहून जास्त सॉफ्टवेअर बेकायदा असल्याचा आकडा आपण दिलात. 2017 साठी बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सने भारताचं प्रमाण 56 टक्के सांगितलं होतं. ही संघटना सॉफ्टवेअर कंपन्यांचीच आहे हेही वाचकांना सांगायला हवं होतं. प्रत्येक बेकायदा प्रतीची बाजारभावाने किंमत लावून ही संघटना एकूण रक्कम जाहीर करते. क्रॅक मिळाला नसता तर त्या प्रत्येकाने पूर्ण किंमत मोजली असती, असं या धंद्यातला कुणीही मानणार नाही. त्याने ते काम हाती घेतलं नसतं, एवढंच.

क्रॅक वापरण्याच्या या सवयीचा फायदा कंपन्यांना झाला नाही असंही नाही. 1998 साली बिल गेट्स अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपुढे चीनविषयी बोलताना म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, त्यांना त्याची सवय लागेल, वसुली कशी करायची ते आम्ही पुढच्या दशकात बघू. नाशिकमधल्या डीटीपीच्या क्लासांत नेमकं हेच झालं. मुलं ठरावीक दोन-तीन सॉफ्टवेअरवर शिकली, तीही क्रॅक केलेल्या प्रतींवर, आणि नोकरी देणारेही तीच मागू लागले. सगळा बाजार त्यावर बसला आणि मग एकरकमी विक्री बंद होऊ लागली. डिझाइनची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अडोबीने 2013 पासून नव्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, इंजिनिअरिंग ड्रॉइंगची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कने 2016 मध्ये कायमची लायसन्स विकणं थांबवलं. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या जॉबवर्कवाल्यांना विचारा. मोठ्या कंपनीला ड्रॉइंग त्याच सॉफ्टवेअरमधलं लागतं, आणि बिल मात्र ती तीन-तीन महिने देत नाही.

वेगळ्या देशाला वेगळी किंमत लावता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. इंजिनिअरिंगला गेलेल्या प्रत्येक मुलाने ईस्टर्न इकॉनॉमी एडिशनची पुस्तकं वापरली आहेत. मजकूर अमेरिकेतल्या पुस्तकाचा, किंमत आपल्याला झेपणारी, आणि विक्री फक्त ठरावीक देशांत असं वर छापलेलं. तिथे प्रकाशकांना खरी अडचण होती, कारण पुस्तक पिशवीत घालून कुठेही नेता येतं. एका थाई विद्यार्थ्याने आशियातली स्वस्त पुस्तकं अमेरिकेत नेऊन विकली, आणि 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. एवढी जोखीम असूनही पुस्तकवाल्यांनी आपल्यासाठी वेगळी किंमत ठेवली. सॉफ्टवेअर तर इंटरनेटवरून चालू करावं लागतं. ते कोणत्या देशातल्या मशिनवर चालू आहे हे कंपनीला तिच्या ऑफिसात बसून कळतं. मग त्यांची अडचण कोणती? डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला 499 रुपयांचा बेसिक प्लॅन 199 वर आणला. करमणुकीसाठी जे जमतं ते पोटापाण्याच्या साधनासाठी जमत नाही, हे पटणारं नाही.

स्वस्तात द्यायचं म्हणून अर्धवट देऊ नका, हेही सांगतो. मायक्रोसॉफ्टने 2004 पासून आपल्यासारख्या देशांसाठी विंडोज एक्सपीची स्टार्टर आवृत्ती काढली होती. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडायचे, आणि ती सुटी मिळायची नाही, नव्या स्वस्त संगणकाबरोबरच यायची. आम्हाला पूर्ण वस्तू हवी आहे, आमच्या कमाईला धरून असलेल्या किमतीत.

फुकटची मुक्त सॉफ्टवेअर वापरा, हा आपला सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे. पत्रं आणि हिशेबासाठी मी लिबरऑफिस वापरतोच. केरळने शाळांमध्ये लिनक्स आणून दाखवलं, त्याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटी या संगणक कोर्समधून लाखो मुलांना विंडोज आणि ऑफिसच शिकवलं गेलं. पण छपाईचं काम निराळं आहे. पानं मांडायच्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं नीट लागायला फार वर्षं गेली. चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये चार रंगांच्या छपाईसाठी लागणारी फाइल सरळ तयार होत नाही, छपाईच्या प्लेट बनवणारा ती परत पाठवतो. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक जी फाइल घेऊन येतं ती मला उघडता आली पाहिजे. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. मुंबई-पुण्याच्या एजन्सींकडून बॅनर आणि पत्रकांच्या फाइली येऊ लागल्या आहेत, सगळ्या नव्यातल्या नव्या व्हर्जनमध्ये. माझ्या विकतच्या जुन्या व्हर्जनमध्ये त्या उघडत नाहीत, शेजारच्या क्रॅकमध्ये उघडतात. काम तिकडे जातं. हे मी डोळ्यांनी बघतोय आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा कंपन्यांच्या भारतातल्या कार्यालयांना एवढं जरूर विचारा की छोट्या दुकानदारासाठी वेगळी किंमत का नाही, आणि बिल दाखवणाऱ्याला वकिलाचा ईमेल का जातो. त्यांचं उत्तर अग्रलेखाच्याच जागी छापा.

आणखी एक गोष्ट, ती आपल्या हातातली आहे. आपल्या जाहिरात विभागाकडे मी गिऱ्हाइकांच्या जाहिराती पीडीएफमध्ये पाठवतो. तिथून निरोप येतो, पीडीएफ नको, ओपन (बदल करता येणारी मूळ) फाइल द्या, तीही अमुक व्हर्जनची. फॉन्ट बसवलेली, चार रंगांत केलेली पीडीएफ छापायला पुरते, हे आपल्या छपाई विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नव्या व्हर्जनची ही अट आपल्या कार्यालयातूनच येत असेल, तर शहरातल्या छोट्या डीटीपीवाल्याने ती कशी पुरी करायची, हेही आपणच सांगायला हवं. नियम बदलणार असाल तर नव्या दरपत्रकातच तसं छापावं, म्हणजे काउंटरवर दर वेळी वाद घालावा लागणार नाही.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक, रविवार कारंजा, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)