अनेरचा काठ आखण्यापूर्वी : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीचे सुमारे ८३ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ पासून अभयारण्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा काठ पर्यटनासाठी विकसित व्हावा, असे आमच्याकडे अनेकांना वाटते आणि मलाही ते गैर वाटत नाही. अडचण एवढीच आहे की अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात ज्या रेषेला काठ म्हटले जाईल, ती रेषा वर्षभर एका जागी राहत नाही.

भाद्रपदात पाणी जिथवर चढते, तिथून ते वैशाखापर्यंत बरेच आत सरकते. मधे उघडा पडणारा गाळाचा पट्टा नकाशावर रिकामा दिसतो, आणि तंबू, वाहनतळ किंवा नौकाविहारासाठी सपाट जागा शोधणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. हिवाळ्यात तुतवार आणि शेकाटे हे पाणपक्षी अशाच ओल्या चिखलात चरतात. उन्हाळ्यात टिटवी आणि चिखल्या हे पक्षी अशा उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती खड्यांत इतकी मिसळून जातात की एखादी जीप त्यांवरून गेली तरी चालकाला पत्ता लागत नाही. गुरे कोठे पाण्यावर उतरतात आणि मासेमारीची जाळी कोठे पडतात, हेही याच पट्ट्यात ठरते.

समुद्रकिनाऱ्यासाठी भरती-ओहोटीच्या रेषा मोजण्याची पद्धत आहे, आणि २०१९ च्या सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने किनाऱ्यावरील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये सर्वांत संवेदनशील वर्गात ठेवली आहेत. आमच्या धरणकाठाला तसा आधार नाही, कारण सिंचनासाठी बांधलेले जलाशय २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळलेले आहेत. उरतो तो १९७२ चा वन्यजीव कायदा. त्यानुसार अभयारण्यात हॉटेल बांधण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वाहनतळ, पायवाटा, विजेचे दिवे अशा किरकोळ वाटणाऱ्या कामांचा निकाल मुख्यतः व्यवस्थापन आराखड्यातच लागतो.

म्हणून विनंती आहे की या आराखड्यात पूर्ण साठ्याची आणि भर उन्हाळ्यातील पाण्याची अशा दोन्ही रेषा प्रत्यक्ष मोजून दाखवाव्यात, त्यांमधील पट्ट्यात कोणतीही सोय उभारू नये, आणि मुक्काम, जेवण व वाहने यांची व्यवस्था अभयारण्याबाहेरच्या गावांत करावी. त्यामुळे पर्यटकाला दोन-चार किलोमीटर जास्त यावे लागेल, पण त्याचा पैसाही गावातच राहील.

वनहक्क कायदा लागू असलेल्या क्षेत्रात असा आराखडा करताना ग्रामसभेशी विचारविनिमय करणे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. तो मसुदा मराठीत असावा आणि पावरा आदिवासींच्या पाड्यांवर त्यांच्या पावरी बोलीतून समजावून सांगितला जावा. ग्रामसभेची तारीखही विचारपूर्वक ठरवावी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेरगावी जातात आणि पाडे जवळपास ओस पडतात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला मात्र माणसे परततात. त्या आठवड्यात सभा घेतली, तर ज्यांची गुरे त्या काठावर उतरतात तेच समोर बसलेले असतील.

आपला नम्र,
शिरपूर तालुक्यातील एक शेतकरी