सकाळी अकराच्या चित्रावरून सड्यांचा निकाल लावू नका

माननीय नगरनियोजन मंत्री, गोवा सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

शहरांतला उकाडा उपग्रहाच्या चित्रांवरून मोजावा आणि मगच बांधकामांना परवाने द्यावेत, असे मला मनापासून वाटते. लँडसॅट 8 आणि 9 हे अमेरिकी उपग्रह मिळून दर 8 दिवसांनी गोव्यावरून जातात, त्यांची चित्रे फुकट मिळतात. पैशांची सबब इथे नाही. पण ती चित्रे कशी वाचायची, यावर बरेच अवलंबून आहे.

हे उपग्रह येतात सकाळी अकराच्या सुमारास. पावसाळ्यात ढगांमुळे फारसे हाती लागत नाही, म्हणून मार्च-एप्रिलचीच चित्रे वापरावी लागतात. तेव्हा सड्यावरचे, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचे, गवत वाळून जांभा दगड उघडा पडलेला असतो आणि अकराला तो चांगलाच तापतो. नकाशात सडा लालभडक आणि झाडांच्या सावलीतली वस्ती त्याहून थंड दिसू शकते. उद्या कुणी बिल्डर हाच नकाशा फाइलीला जोडून म्हणेल, सडा तर आधीच तापलेला आहे, तिथे बांधले तर काय बिघडले?

बिघडते ते रात्री. उघडा सडा दिवस मावळल्यावर निवत जातो, काँक्रीट निवत नाही. आम्ही पर्वरीला सड्यावरच राहतो. रात्री दहाला गच्चीच्या कठड्यावर हात ठेवला तर तो अजून कोमट लागतो. इमारतींच्या दाटीत वारा फिरत नाही, दमट हवेत घाम वाळत नाही, म्हातारी माणसे तळमळत पडून राहतात. अकराच्या चित्रात यातले काहीही येत नाही.

तीच गत पत्र्यांची. पावसापासून वाचायला आपल्याकडे गच्च्यांवर पत्रे चढले, मजुरांच्या खोल्यांना तर छप्परच पत्र्याचे. रंग न दिलेला चकचकीत पत्रा उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, म्हणून कॅमेऱ्याला तो असतो त्याहून थंड वाटतो. खाली माणूस भाजत असतो! शिवाय लँडसॅटच्या उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका 100 मीटरचा. घर, रस्ता, माड सगळे त्यात कालवले जाते.

म्हणून थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन हवेत, आणि तेही रात्री नि पहाटे उडवलेले. पत्रा त्यांनाही फसवतो, तेव्हा काही खोल्यांत साधे थर्मामीटरही लावावे लागतील. दाबोळीला नौदलाचा तळ, मोपाला दुसरा विमानतळ. एवढ्याशा राज्यात ड्रोनच्या परवानग्या मिळवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. ते सरकारनेच करायला हवे.

पर्वरी, ताळगाव, म्हापसा आणि वास्को इथून सुरुवात करा. आकडे लोकांसमोर ठेवा. आणि रात्रीचे मोजमाप हाती येईपर्यंत सड्यांवरच्या जमीन रूपांतराच्या फाइली थांबवा. पुढच्या मार्चमध्ये ड्रोन उडायचे असतील, तर परवानग्यांचे अर्ज पावसाळा संपताच आपल्या खात्यातून निघायला हवेत.

आपला,
पर्वरीचा एक रहिवासी