घरी पाठवलेल्या पेशंटचं पुढं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मोठ्या दवाखान्यातून "आता घरी न्या, सेवा करा" म्हणून पेशंटला सोडतात, पण सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी दाखवत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. माझ्या सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर होता. नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, हे सगळं मी शेजारच्या निवृत्त सिस्टरांकडून शिकले, त्या नसत्या तर काय झालं असतं देव जाणे. आणि दुखणं? असह्य दुखणं कमी करणारी मॉर्फिनची गोळी अजिबात महाग नसते, २०१४ मध्ये कायदा बदलून ती मिळणं सोपं केलंय, तरी आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलवाल्याकडे ती नव्हती, माणूस रात्रभर कण्हतोय आणि आपण नुसतं बघत बसायचं.

अशा कॅन्सर पेशंटना ठेवून घेऊन सेवा करणारं शांती अवेदना सदन मुंबईत बांद्र्याला १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं तसंच सेंटर १९९७ पासून आहे, दोन्हीकडे कॅन्सर पेशंटचा एक पैसा घेत नाहीत. वारज्याला तर घरच्यांनाही सोबत ठेवून सेवा शिकवतात. फार मोठं काम आहे हे, पण आमच्यासारख्यांनी असा पेशंट गाडीत घालून तिथवर न्यायचा कसा?

केरळनं याच्यावर उपाय काढलाय. तिथं २००८ मध्ये सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचं दुखणं कमी करून त्याची सेवा करण्याचं, धोरण केलं, पंचायत पैसे देते, नर्स घरोघरी जाते आणि गावातलेच स्वयंसेवक सोबत असतात. आपल्याकडे बचत गट आहेत, आशाताई आहेत, गणेश मंडळांची पोरं आहेत, मग आपल्याला का जमू नये?

दुसरं म्हणजे दिवसाची सोय. नगरपालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत पण ती धडधाकट आजोबांची, पेपर वाचायचा, कॅरम खेळायचा. ज्या आजींना स्मृतिभ्रंश झालाय, ज्यांना डायपर लागतो, ज्या घराबाहेर पडल्या की परतीचा रस्ता विसरतात त्यांना तिथं कोण घेणार? मग सून किंवा लेक नोकरी सोडते, किंवा म्हाताऱ्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर जातात, मी स्वतः अशी घरं बघितलीयत आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, कारण दुसरा इलाजच नसतो.

म्हणून मागणी एवढीच आहे की प्रत्येक नगरपालिकेनं एक तळमजल्याचा हॉल बिनभाड्याचा एखाद्या ट्रस्टला द्यावा, संडास-बाथरूमला धरायला दांडे असावेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिथं एक नर्स आणि दोन ट्रेनिंग घेतलेल्या मावशी असाव्यात आणि दुपारी त्याच नर्सनं अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी चक्कर मारावी. उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन कायम मिळावं. आमच्या बचत गटातल्या बायका आळीपाळीनं तिथं यायला तयार आहेत, तसं लेखी पत्र आम्ही मुख्याधिकाऱ्यांना देणार आहोत, तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

– एक वाचक, सातारा जिल्हा