घाटरस्त्यांवरच्या सायकलस्वारांना धड साइडपट्टी हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की सायकलीच्या कॅरिअरला बॅगा बांधून कोल्हापुरातून घाटाकडे निघणाऱ्यांची संख्या अलीकडे डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्यात कॉलेजची मुले आहेत, नोकरदार आहेत आणि निवृत्तीनंतर सायकल हाती घेतलेली ज्येष्ठ मंडळीही आहेत. हे सारे शर्यतीसाठी जात नाहीत. नदीच्या कडेकडेने सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत जायचे, एका घाटाने कोकणात उतरून मुक्काम करायचा आणि दुसऱ्या घाटाने वर यायचे, असा हा दोन-चार दिवसांचा प्रवास असतो. आपल्या जिल्ह्याची भूमी या प्रवासासाठी जणू आखून दिलेली आहे आणि तरीही तो निर्धास्तपणे करता येत नाही. त्यामागे अनेक कारणे असली, तरी सर्वांत मोठे कारण मला डांबराच्या कडेची मातीची साइडपट्टी हेच वाटते. त्याविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

आपल्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावून पूर्वेकडे कृष्णेच्या दिशेने वाहतात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. दक्षिणेकडे दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी, तर उत्तर सीमेवर वारणा आहे. या खोऱ्यांमधून घाटमाथ्याकडे जाणारे रस्ते पूर्वीपासून आहेत, आणि नदीचा उतार मंद असल्यामुळे तिच्या सोबतीने जाणाऱ्या रस्त्याचा चढही अंगावर येत नाही. बालिंग्याच्या पुलावर भोगावती ओलांडली, की कळे, असळज करत गगनबावड्यापर्यंतचा रस्ता बव्हंशी कुंभीच्या खोऱ्यातून जातो. हे सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर सामान लादलेल्या सायकलीवर नवखा माणूसदेखील एका दिवसात, वाटेत दोनदा चहाला थांबून, सहज कापतो.

गगनबावड्याला मात्र जमीन एकाएकी संपते. सह्याद्रीची पश्चिम बाजू कड्यासारखी तुटलेली असल्याने पुढच्या दहा-बारा किलोमीटरांतच सायकलस्वार कोकणात उतरलेला असतो. येथून दोन वाटा फुटतात: करूळ घाट वैभववाडीकडे जातो आणि भुईबावडा घाट खारेपाटणकडे. एका घाटाने उतरून दुसऱ्याने चढणे हा सायकलस्वारांच्या विशेष आवडीचा फेरा आहे. राधानगरी आणि दाजीपूरवरून फोंडा घाट, मलकापूरवरून आंबा घाट आणि अणुस्कुरा घाट, आजऱ्यावरून आंबोली, चंदगडकडून तिलारी, अशा इतक्या वाटा एकाच शहरातून दोन-तीन दिवसांच्या टप्प्यात याव्यात, हे भाग्य फार थोड्या शहरांना लाभले आहे. आमचे तरुण मनाली-लेहच्या वाटेवर ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड सायकलवर पार करून येतात, याचे कौतुक मला आहेच. पण घरापासून सकाळी निघून संध्याकाळी गाठता येणारे हे घाट त्यांनी धास्तीपोटी टाळावेत, याचे वाईट वाटते.

या खोऱ्यांमध्ये सायकलस्वाराच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे देशभर आपल्या शहराच्या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यानंतर दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढून नदी मोकळी करायची, अशी ही व्यवस्था आहे. यांतील अनेक बंधाऱ्यांवरून पलीकडच्या काठाला जाता येते, त्यामुळे मुख्य रस्त्यावरची वर्दळ असह्य झाली, की सायकलस्वार बंधारा ओलांडून पलतीरावरच्या गावांमधून जाणारा अरुंद रस्ता धरतो. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला बरग्यांच्या फटींतून उडणाऱ्या चिळकांड्या आणि खाली खडकांवर टपून बसलेले बगळे, हे दृश्य मोटारीच्या काचेतून कधी दिसत नाही. परंतु हे काठाकाठाचे रस्ते सलग नाहीत. कुठे ना कुठे मुख्य रस्त्याला यावेच लागते आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

रस्त्यावर डांबराचा थर दर काही वर्षांनी नव्याने चढतो आणि रस्ता प्रत्येक वेळी उंचावतो. शेजारच्या मातीच्या पट्टीत मुरूम भरून, रोलर फिरवून तिला डांबराच्या पातळीला आणण्याचे काम त्याबरोबरच व्हायला हवे. पण ते मागे राहते किंवा इतके वरवरचे होते, की पहिल्या जोराच्या पावसात मुरूम वाहून जातो. मग डांबराची कडा उघडी पडते, काही ठिकाणी वीतभर. मोटारीतून जाणाऱ्याला ती जाणवत नाही. सायकलस्वाराचे मात्र काय होते, ते सांगतो. मागून मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला, की तो घाबरून डांबर सोडतो आणि खाली मातीत उतरतो. उतरताना फारसे बिघडत नाही. गाडी निघून गेल्यावर तो पुन्हा वर यायला जातो तेव्हा पुढचे चाक कडेला तिरके लागते, कडेवर चढण्याऐवजी तिला घासत पुढे सरकते, हँडल हातात राहत नाही आणि माणूस डांबराच्या बाजूला, म्हणजे नेमका वाहनांच्या मार्गात, आडवा होतो. मागे बॅगांचे पंधरा-वीस किलो वजन असेल, तर सावरायला तेवढाही अवधी मिळत नाही. आमच्या गटातील एक सहकारी माझ्या डोळ्यांदेखत असा पडला आहे. मागच्या ट्रॅक्टरचालकाने वेळीच ब्रेक दाबला म्हणून तो आज आमच्यात आहे.

घाटात हा धोका दुप्पट होतो. चढताना सायकलचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर येतो आणि एवढ्या कमी वेगात सायकल अगदी सरळ रेषेत ठेवता येत नाही, ती थोडी डावी-उजवीकडे झुलतेच. तिला हातभर मोकळी जागा लागते. पण डोंगराच्या बाजूला झाकण नसलेले गटार आणि गटारालगत दरडीची खडी, अशी स्थिती असल्याने स्वार रस्त्याच्या मध्याकडे ढकलला जातो. उतरताना प्रश्न ब्रेकचा असतो. ज्या सायकलींचे ब्रेक चाकाच्या रिमवर लागतात, त्यांची रिम सलग ब्रेक दाबून इतकी तापते, की ट्यूब फुटू शकते, म्हणून जाणकार स्वार मध्ये मध्ये थांबून चाके गार होऊ देतात. वळणावर असे सुरक्षित थांबता येईल, एवढी सपाट पट्टीसुद्धा पुष्कळ ठिकाणी उरलेली नाही. गतिरोधक म्हणून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंबलर पट्ट्या मारल्या जातात, त्याही कडेला दोन फूट जागा सोडून मारल्या, तर मोटारींचा वेग कमी होईल आणि दुचाकी किंवा सायकल उतारावर उसळणार नाही.

ही मागणी मूठभर हौशी लोकांसाठी आहे, असा आक्षेप येईल, पण तो मला मान्य नाही. त्याच साइडपट्टीवरून शाळेला जाणाऱ्या मुली सायकल चालवतात, पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन शेतकरी डेअरीला जातो, दिंड्या चालतात, जोतिबाला अनवाणी निघालेले भाविक चालतात. शिवाय सायकलप्रवासाचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम आपल्याकडे एकच आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाने खच्चून भरलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोरून आला, की बैलगाडीलाही बाजूला व्हावे लागते. तिलाही साइडपट्टी नीट असेल तरच बाजूला होता येते. ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत, याविषयी आपल्या वृत्तपत्रातून वेळोवेळी लिहिले गेले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी त्यात तरतूद आहे. दंड होण्याची वेळ येऊच नये, यासाठी एवढेच करावे, की साइडपट्टी भरून, दाबून आणि पाणी निघून जाईल असा ढाळ देऊन झाल्याशिवाय डांबरीकरणाचे अंतिम देयक काढले जाऊ नये. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही आणि भूसंपादनही लागत नाही.

युरोपात ऱ्हाईन नदीच्या काठाने स्वित्झर्लंडमधील उगमाच्या परिसरापासून नेदरलँड्समधील समुद्रकिनाऱ्यापर्यंत सलग सायकलमार्ग आहे. त्याचा बराच भाग साध्याच गावरस्त्यांवरून जातो आणि फाट्याफाट्यांवरचे मार्गाचा क्रमांक लिहिलेले फलक प्रवाशाला वाट दाखवतात. कुंभी, भोगावती आणि वेदगंगेच्या काठांवर असे फलक लागले, तर कळ्याच्या चहावाल्यापासून पाटगावच्या मध विकणाऱ्यापर्यंत सर्वांच्या हाती चार पैसे पडतील. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. तेथे गव्यांच्या वावरात आवाज आणि धूर न करता जाणाऱ्या प्रवाशाचे स्वागतच व्हायला हवे. मात्र दिवस मावळल्यावर दाजीपूर ते फोंडा या जंगलातून सायकल चालवू नये, ही सूचनाही त्याच फलकांवर असावी, कारण अंधारात गवा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. परतीच्या प्रवासात कुणाची सायकल मोडली किंवा प्रकृती बिघडली, तर कोकणातून येणाऱ्या एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी यायची सोय पूर्वी होती. नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतो, त्यामुळे घाटमार्गांवरील निदान काही फेऱ्यांना तो असावा, अशी विनंती आहे.

रस्त्यांची कामे दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने या हंगामात निदान गगनबावडा आणि राधानगरी या दोन रस्त्यांच्या साइडपट्ट्या आधी हाती घ्याव्यात आणि त्यापूर्वीच्या पाहणीला आम्हां सायकलस्वारांपैकी दोघा-तिघांना सोबत न्यावे. कोणत्या वळणावर कडा किती खोल आहे, पाणी कुठे तुंबते आणि कोणते गटार पट्टीच्या आत आले आहे, याची मोजमापांसह यादी करून देण्याची आमची तयारी आहे.

आपला,
एक सायकलप्रवासी वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर